पाचवा गियर

चेन पडणं निराळं आणि चेन सटकणं निराळं. पडलेली चेन डोळ्यांना दिसते. हात काळे केले की ती परत बसते. सटकणारी चेन मात्र जागच्या जागी असते. पायडलवर जोर द्यावा, ‘खट्’ असा आवाज यावा, पाय रिकामाच खाली जावा आणि वाकून बघितलं तर सगळं जिथल्या तिथे. माझ्या सासूबाईंच्या सायकलला हे दुखणं जडलं त्या उन्हाळ्यात, एका दुपारी त्या सायकल हातात धरून चालत घरी आल्या. कोपर खरचटलं होतं आणि पंजाबी ड्रेसला गुडघ्याशी माती लागली होती.

“काही नाही गं, चढावर पाय फुकट गेला,” एवढंच म्हणाल्या. मी औषधांचा डबा शोधेपर्यंत त्यांनी कोपराला हळद लावूनही टाकली होती.

सासरे गेल्यावर त्या पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत गेर्लिंगेनला कायमच्या राहायला आल्या, त्याला आता काही वर्षं झाली. त्या यायच्या आधी मला नातेवाइकांचे फोन आले होते, बहुतेक सांत्वनाचेच. बाईंना भाषा येत नाही, दिवसभर घरात बसून करणार काय, तुझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणार, असा एकंदर सूर. यातलं काहीच झालं नाही, कारण सासूबाई घरात बसल्याच नाहीत. पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी सगळी नोकरी केली आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सायकलवरून केली. साडीचा पदर खोचून, डबा हँडलला लटकवून, पावसात रेनकोट घालून. इथे आल्यावर थोडे दिवस त्यांनी खिडकीशी खुर्ची टाकून रस्ता बघितला. पिकल्या केसांच्या बायका टोपल्या भरभरून सायकली हाणताना दिसल्या, तेव्हा त्या वळून मला म्हणाल्या, “या चालवतात, मग मीच काय घोडं मारलंय?”

पुढच्याच शनिवारी फ्लोमार्क्टला, म्हणजे जुन्या बाजाराला गेलो. तिथे त्यांनी एक निळी लेडीज सायकल बोटाने दाखवली. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरियर, उजव्या मुठीशी सात गियर. विकणारा जर्मनमध्ये तिचे गुण सांगत होता आणि सासूबाई प्रत्येक वाक्यानंतर मान डोलावून “गेनाऊ” म्हणत होत्या. हा त्यांचा पहिला जर्मन शब्द. ‘अगदी बरोबर’ असा त्याचा अर्थ, आणि समोरचा काही का बोलेना, बरोबर असं म्हटलं की माणूस खूश होतो, हे त्यांनी आल्या आल्या ताडलं होतं.

सायकलपाठोपाठ बाग आली. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक जर्मन आजी राहतात. गावाबाहेर टेकडीवर त्यांच्या नावावर श्रेबरगार्टन आहे. श्रेबरगार्टन म्हणजे गावातल्या लोकांना कसायला मिळणारा जमिनीचा तुकडा, एक लाकडी खोपट आणि भोवती कुंपण. आजींचं पाठीचं दुखणं वाढलं होतं, वाकवत नव्हतं. त्यांनी अर्धी बाग सासूबाईंना कसायला दिली. दोघींना एकमेकींच्या भाषेतली धड दहा वाक्यं येत नाहीत, पण वाफ्याच्या कडेला बसून त्या तासन्‌तास काय बोलतात ते त्यांनाच ठाऊक. सासूबाईंनी तिथे मेथी लावली, कोथिंबीर लावली, लाल माठ लावला. स्टुटगार्टच्या आसपासच्या मराठी घरांत त्या माठाची कीर्ती आहे. आम्हाला जेवायला बोलावताना लोक हल्ली आधी सासूबाई येताहेत ना, आणि भाजी आणताहेत ना, हे विचारतात.

बागेपर्यंत बस जात नाही. वस्ती संपली की सफरचंदाच्या झाडांमधून एक शेतरस्ता वर चढतो आणि त्यावर मोटारीला बंदी आहे. चालत जावं तर सासूबाईंचा गुडघा. “चालताना बोलतो मेला, सायकलवर गप्प बसतो,” असं त्या म्हणतात, आणि डॉक्टरनेही सायकल चालवत राहा असंच सांगितलं होतं. म्हणजे सायकल नाही तर बाग नाही, आणि बाग नाही तर मग सायकल घेतल्यापासून सुटलेली ती खिडकीतली खुर्ची होतीच.

त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने आईचं कोपर बघितलं आणि तो आधी सायकलवर आणि मग आईवर चिडला. वडील गेल्यापासून आईच्या बाबतीत तो फार भित्रा झालाय. तसा तो मेकॅनिकल इंजिनियर. गाड्यांचे सुटे भाग मोडेपर्यंत राबवायचे आणि ते कधी, कसे, का मोडले ते लिहायचं, हे त्याचं रोजचं काम. मी सॉफ्टवेअर टेस्टर. थोडक्यात, आमच्या घरात दोघंही दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरतो. सायकलच्या दुकानात विचारलं तर उन्हाळ्याची गर्दी, टेर्मिन, म्हणजे दुरुस्तीची वेळ, पुढच्या महिन्यातली. तेव्हा शनिवारी त्याने स्वतःच हातमोजे चढवले आणि इमारतीच्या मागच्या फरशीवर सायकल उलटी केली.

जुनी चेन मापून बघितली तर ती ताणून लांबलेली होती. “हे बघ, सापडलं,” तो विजयी सुरात म्हणाला. नवी चेन आणली, घातली, गियरची तार तपासली, पायडल हाताने फिरवत सातही गियर वरखाली करून दाखवले. काम करताना तो खरंच छान दिसतो. कपाळाला काळा डाग, जीभ जरा बाहेर, आणि प्रत्येक स्क्रू काढल्यावर तो क्रमाने कागदावर मांडून ठेवायची शिस्त. सासूबाई खुर्ची टाकून शेजारीच बसल्या होत्या. त्यांची एकच अट होती.

“काटा होता तिथेच आणून ठेव हं.”

“ठेवतो गं आई.”

त्याने गियरचा काटा होता तिथे आणला. मग सासूबाईंनी उठून त्या मुठीवर दुधाच्या पिशवीसारखी पातळ प्लॅस्टिकची पिशवी परत चढवली आणि वर रबरबँड लावला. आमच्याकडे टीव्हीचा रिमोटही असाच पिशवीत असतो, त्यामुळे त्याचं आम्हा दोघांनाही काही वाटलं नाही. नवऱ्याने फरशीवर सायकलच्या चार फेऱ्या मारल्या, चेन लोण्यासारखी फिरत होती. काम फत्ते म्हणून त्या दिवशी श्रीखंडही झालं.

सोमवारी सासूबाई बागेत निघाल्या आणि अर्ध्या तासात परतल्या. या वेळी दुसरं कोपर. चेन आधी कधीमधी सटकायची, आता चढाला लागल्यापासून पावलागणिक सटकत होती.

नवरा ऑफिसातून आला तेव्हा त्याला हे कळलं. आरडाओरडा करणाऱ्यांतला तो नाही. शांतपणे बोलला, आणि तेच मला जास्त लागलं.

“आई, बास आता. श्लुस. उद्यापासून सायकल नाही.”

“अरे, पण माठ काढायला आलाय…”

“माठ राहू दे. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय करणार आहेस?”

त्याने सायकल उचलली आणि खाली केलरमध्ये, आमच्या तळघरातल्या सामानाच्या खोलीत, जुन्या गाद्यांमागे नेऊन ठेवली. आयुष्यभर फोनवर लोकांचं ऐकून घेऊन शेवटचा शब्द आपला ठेवणाऱ्या सासूबाईंनी हेल्मेट उचलून कपाटात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतली खुर्ची ओढून घेतली, शेंगदाण्यांचं ताट मांडीवर घेतलं आणि निवडून झालेले दाणे त्या पुन्हा निवडत बसल्या. संध्याकाळी मी धावतपळत वर जाऊन वाफ्यांना पाणी घालून आले. परत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “माठ जून झाला असेल ना गं?”

रात्रीच्या जेवणानंतर मी नवऱ्याला धरलं. “अरे, बिघडलीय ती सायकल, आई नाही बिघडल्या.”

“आल्झो, नीट ऐक,” तो ऑफिसातल्या जर्मन ढंगात म्हणाला. “चेन नवी. तार बरोबर. हाताने फिरवली, चालवून बघितली, एकदाही सटकली नाही. मग उरलं कोण? आईच ना? तिला आता चढावर जोर झेपत नाही. पाय चुकतो आणि तिला वाटतं चेन सटकली.”

मला राग आला, पण तो वाद घालून उपयोग नव्हता. आमच्या धंद्याचा एक साधा नियम आहे: बिघाड आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा घडवून आणता येत नाही तोवर तो कळला असं म्हणायचं नाही. याने सायकल सपाट फरशीवर तपासली होती. सासूबाई चढावर पडत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप मिटला, केलरची किल्ली घेतली आणि म्हटलं, “अहो आई, चला. मला दाखवा नेमकी कुठे सटकते ते.”

“त्याला कळलं तर?”

“मी आहे ना.”

माझीही सायकल बरोबर घेतली होती, पण आधी मी एकटीच त्यांची सायकल घेऊन चढाला लागले. पिशवी काढली, सवयीने गियर हलका केला आणि धापा टाकत का होईना, अक्रोडाच्या झाडाशी जे उभं वळण आहे तिथवर जाऊन आले. चेन एकदाही सटकली नाही. खाली आले तेव्हा माझा चेहरा पडला होता. क्षणभर मलाही वाटून गेलं, नवरा म्हणतो ते खरं असलं तर?

“आता तुम्ही,” मी म्हटलं. “हळूहळू, आणि जरा शंका आली की पाय टेका. मी शेजारीच आहे.”

सासूबाईंनी हेल्मेट घातलं. मग मूठ फिरवून काटा परत पाचावर आणला, पिशवी चढवली, रबरबँड लावला. मी बघतच राहिले.

“अहो आई, चढावर पाचवा?”

“म्हणजे?”

“गियर. हलका करायचा ना चढावर. तुम्ही कितव्यावर जाता?”

“हे बघ, सायकल घेतली तेव्हा काटा पाचावर होता. मी कशाला हलवू? एकदा बसलेली गोष्ट उगाच ढवळायची कशाला? पुण्यात कुठे होते गियर? पाय मारायचे, सायकल जाते.”

“आणि वळणावर?”

“पायडलवर उभी राहते की मी.”

आणि त्या निघाल्या. शेजारून मी माझ्या सायकलवर, सगळ्यात हलक्या गियरवर, चाकातल्या उंदरासारखी पायडलं फिरवत. त्यांना मी आजवर बागेत बघितलं होतं, रस्त्यावर बघितलं होतं. चढावर कधी बघितलं नव्हतं. थोडा चढ लागला तशा त्या सीटवरून उठल्या, ओढणीचं टोक आधीच कमरेला खोचलेलं होतं, आणि एकेका पायावर सगळं अंग तोलून त्यांनी पायडल दाबलं. घाई नाही, धाप नाही. एक पाय, मग दुसरा पाय. त्या चढावर माझ्यासारखी जिममध्ये जाणारी बाई जे करू धजणार नाही ते ही बाई रोज करत होती, आणि वर मागे पाण्याचा कॅन बांधून. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी कशासाठी आलेय तेच विसरले. तेवढ्यात ‘खट्’ झालं. त्यांनी चटकन पाय टेकला.

“ऐकलंस?” त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “मला भास होत नाही ना?”

“नाही आई. मी ऐकलं.”

तिथेच गवतात आम्ही सायकल उलटी केली. मागच्या चाकाला लहान-मोठ्या सात चकत्या एकीला एक लागून असतात. गियर बदलला की चेन एकीवरून दुसरीवर जाते, एवढं मला ठाऊक होतं. फडक्याने वंगण पुसलं आणि एकेक चकती बघत गेले. सहा चकत्यांचे दाते नवे असल्यासारखे, बोथट आणि भरीव. फक्त एकीचे दाते झिजून बारीक, टोकदार आणि एका अंगाला कललेले होते, जुन्या विळीच्या खवणीचे होतात तसे. ती पाचव्या गियरची चकती होती. जुनी चेन आणि ही चकती बरोबरीने झिजली होती, म्हणून एकमेकींना कशाबशा धरून होत्या. नव्या चेनला तिची पकड मिळेना. सपाटीवर चालून जायचं, पण सासूबाईंनी चढावर जोर लावला की चेन त्या झिजक्या दात्यांवरून उडी मारायची. मी चढले तेव्हा वेगळ्या चकतीवर होते, म्हणून मला काही झालं नाही.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा सायकल केलरमध्ये नव्हती, पुन्हा मागच्या फरशीवर उलटी होती. त्याच्या कपाळावर आठी चढली. मी टॉर्च त्याच्या हातात दिला. तो खाली बसला. एकेका चकतीवरून त्याने अंगठा फिरवला आणि पाचव्या गियरच्या चकतीशी थांबला.

“आई, तू बाकीचे गियर कधीच वापरले नाहीस?”

“कशाला वापरू?”

“त्या चढावर? पाण्यासकट? ह्याच्यावर?”

“गेनाऊ,” सासूबाई म्हणाल्या.

त्याने त्या दात्यांवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघून, पण आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “दाते असे झिजवायला आम्ही मशीन लावतो.” आईच्या पायातली शक्ती संपली असं त्याने आदल्याच रात्री मला सांगितलं होतं, आणि आता त्यांच्याच पायांनी झिजवलेलं पोलाद त्याच्या बोटांखाली होतं. त्याच्याइतकी ती झीज वाचता येणारं माणूस घरात दुसरं नव्हतं.

शुक्रवारी एका सहकाऱ्याकडून पाना मागून आणून त्याने चकत्यांचा सबंध जुडगा बदलला. शनिवारी सकाळी आईला पुढे पाठवलं आणि आम्ही दोघं मागून चालत निघालो. त्याने त्यांना गियर कसे बदलायचे ते समजावून सांगितलं होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पिशवी परत चढवली. वळणावर त्या पायडलवर उभ्या राहिल्या तसा याने माझा हात घट्ट धरला. खट् झालं नाही. निळी सायकल अक्रोडाच्या सावलीतून गेली आणि दिसेनाशी झाली.

आम्ही बागेत पोचलो तर त्यांनी माठ काढायला सुरुवातही केली होती. जून झाला होता थोडा, पण गेला नव्हता. नवरा थोडा वेळ वाफ्याच्या कडेने घुटमळला. मग म्हणाला, “आई, तुझी सायकल जरा घेतो गं. एक चक्कर मारून येतो.”

मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. तिथून रस्ता पार खालपर्यंत दिसतो. तो उताराने खाली गेला, वळला आणि पुन्हा चढाला लागला. मुठीवरची पिशवी त्याने काढली नव्हती. निम्म्यात तो सीटवरून उठला, आईसारखाच, एकेका पायावर अंग तोलत. वळणाशी आला तशी सायकल डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि मग अक्रोडाच्या झाडाखाली तो उतरला. तिथे हँडलवर डोकं टेकून तो थोडा वेळ उभा होता. मग सायकल हातात धरून चालत वर आला.

सासूबाईंनी जुडी बांधता बांधता मान वर केली. “काय रे? परत सटकली का?”

“नाही आई,” तो घामाने निथळत होता. “चेन छान झालीय. मलाच जमलं नाही.”

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. जुडी खाली ठेवली, पदर समजून ओढणीच्या टोकाने त्याचं कपाळ पुसलं, आणि पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

“अरे, मग गियर बदलायचास,” त्या म्हणाल्या. “ते तुमच्यासारख्यांसाठीच दिलेत ना?”